पाणीविक्यांची म्हातारी

"या सरकारी माणसांना गुडघे नसतातच बहुतेक. असते तर उकिडवं बसून माती खरवडायचं काम यांनी काढलंच नसतं."

सेत्सु हे बोलली ती कुणाला ऐकू जाऊ नये अशा थाटात आणि सगळ्या खड्ड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. शेजारी हानाए बादलीत माती भरत होती.

"आणि चहाची सुट्टी बघ. घोट पोटात उतरला न उतरला की शिट्टी. शाळेत बसल्यासारखं."

"तुला शाळा कधी आवडली होती गं?"

"म्हणून तर म्हणते."

पलीकडच्या चौकोनात बसलेल्या किनुएला हसू आलं. गावातल्या बायकांना शेतं कापून झाल्यावर हे किल्ल्यावरचं खोदकाम म्हणजे बरा उद्योग होता. हातात लहान खुरपी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि दिवसभर तोंडाची टकळी. तिचं हसू ओठांवर आहे तोवरच सेत्सु त्याच सुरात पुढे म्हणाली, "यंदा पाणीविक्यांची पोरगी बसणार म्हणे म्हातारी होऊन. बरं झालं. तरुण रक्त आहे, सर्दी तरी व्हायची नाही."

किनुएचं खुरपं थांबलं. पाणीविके म्हणजे तिचंच घर, आणि पोरगी म्हणजे तिची कोनात्सु.

तोचिहारा गावात आडनावावरून कुणाला ओळखायची सोय नाही, कारण निम्म्या गावाचं आडनाव एकच. म्हणून घरांना नावं आहेत. वरची गिरणी, देवळामागचे, सुतार. तसे हे पाणीविके. पोस्टमनसुद्धा पार्सल आणतो तेव्हा हाक मारतो, "पाणीविके, सही!" हाक मारताना त्याच्या तोंडावर काहीच नसतं. ना कुचेष्टा ना संकोच. किनुएला ते जास्त लागायचं. चिडवणाऱ्याला निदान उलट बोलता येतं.

नावामागची गोष्ट गावात पोरासोरांना पाठ. डोंगरावरच्या किल्ल्याला शत्रूनं वेढा घातला. वर पाणी संपलं. किल्लेदारानं कड्यावर घोडा उभा केला आणि ओगराळ्यानं त्याच्या पाठीवर पांढरे शुभ्र तांदूळ ओतायला लावले. खालून बघणाऱ्याला वाटावं की घोडा धुताहेत, म्हणजे वर पाणीच पाणी. शत्रू कंटाळून परत फिरणार, तेवढ्यात पायथ्याशी राहणाऱ्या एका म्हातारीनं मूठभर नाण्यांसाठी सांगून टाकलं, "अहो, पाणी कुठलं, तांदूळ आहेत ते." किल्ला पडला. म्हातारीचे वंशज पाणीविके झाले.

दर नोव्हेंबरात गाव ही गोष्ट साजरी करतं. घोडा आता खालच्या खोऱ्यातल्या क्लबातून भाड्यानं येतो. म्हातारं, सोशिक जनावर, मानेवरून ओघळलेले तांदूळ चाटत उभं राहतं. उरलेले तांदूळ चाळून गावच्या बायका त्याचे मुटके वळतात, आणि मुटक्यात घोड्याचा केस निघाला तर वर्ष चांगलं जाणार म्हणतात. इथपर्यंत सगळं ठीक. पण डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, पाणीविक्यांच्या घरच्या बाईनं म्हातारीचा लाकडी मुखवटा चढवून बसायचं. शिपायांनी विचारायचं, "वर पाणी आहे का गं म्हातारे?" तिनं बोट वर करून मान हलवायची. मग ढोल. मग सगळ्या गावानं ओगराळी घेऊन ओढ्याचं पाणी तिच्यावर उडवायचं आणि ओरडायचं, "घे, विक! घे, विक!" पहिलं ओगराळं गावच्या पुढाऱ्याच्या घरचं. म्हणजे निशिगाकींचं.

नोव्हेंबरातलं ओढ्याचं पाणी. आणि मुखवटा वर्षभर सांभाळायचा तोही पाणीविक्यांनीच, कापराच्या वड्या घालून, कसर लागू न देता.

किनुएच्या सासूबाई, तोमेआजी, नवी नवरी म्हणून आल्या त्या सालापासून बसल्या, ते पाठ वाकेपर्यंत. मग किनुए. ती समुद्रकाठची, मासळीबाजारात वाढलेली. तिला थंड पाण्याचं काय कौतुक? पहिली काही वर्षं तीही गावाबरोबर हसली. मग कोनात्सु पहिलीत गेली आणि शाळेनं सगळ्या मुलांना छोटी ओगराळी वाटली. किनुएला मुखवट्याच्या भोकांतून दिसलं, आपलीच लेक दोन वेण्या उडवत धावत येतेय, "घे, विक!" म्हणून खदखदून हसतेय. पाणी अंगावर पडलं. मुखवटा काढल्यावर पोरीनं बघितलं, आत कोण होतं ते. तिचं हसू जिथं थांबलं ती जागा किनुए अजून विसरली नव्हती.

"गंमत असते हो," निशिगाकी दरवर्षी तिला टॉवेल देता देता म्हणायचे. "मनावर घ्यायचं नाही."

यंदा किनुएचा गुडघा सुजला होता. कोनात्सु शहरातली नोकरी सोडून खोऱ्यातल्या चीजच्या कारखान्यात लागली होती, राहायला घरीच. ती आपणहून म्हणाली, "मी बसते गं आई. तासाभराचं काम." आणि गावानं लगेच होकार दिला, विचारलं नसताना.

विहीर सापडली त्याला आठवडा झाला होता. डोंगराच्या माथ्याखाली, दोन खंदकांच्या मधल्या सपाटीवर. इथले किल्ले म्हणजे काही उंच बुरूज नव्हेत. डोंगरच कापून, तासून, खणून किल्ला केलेला. बघायला येणारे दम टाकत वर पोचतात आणि विचारतात, किल्ला कुठं आहे? तर त्या सपाटीवर, दगडगोट्यांच्या ढिगाखाली विहिरीचं बांधीव तोंड लागलं. शेवटचा धोंडा बाजूला केला तेव्हा खालून गार हवा आली. हानाएनं वाकून बघितलं आणि किंचाळली, "अगं बाई, पाणी!"

झरा चालूच होता. एवढी शतकं दगडाखाली दडपून ठेवलेला, आणि तरी चालू.

कुझे सेन्सेई, म्हणजे खोदकामाचे प्रमुख, त्या दिवशी लहान मुलासारखे चिखलात पालथे पडले होते. चष्मा विहिरीत पडता पडता वाचला. बायकांना जवळ बोलावून त्यांनी काठावरचे गाळाचे थर दाखवले. बारीक, एकसारखे, कुठेही खंड नाही. "ही विहीर किल्ला नांदता असताना एकदाही आटलेली नाही," ते म्हणाले. "आणि हे बघा, जादा पाणी बाहेर काढायला दगडी पाट. तो तिकडून उतरतो." त्यांनी बोट केलं त्या दिशेला खाली किनुएच्या घरचं सगळ्यांत वरचं शेत दिसत होतं.

मग त्यांनी सगळ्यांना दरवाज्याच्या जागेकडे नेलं. तिथले कोपऱ्याचे मोठे दगड कोसळलेले नव्हते, कुणीतरी काढून वाटेत नीट आडवे मांडले होते. दगडांखाली मातीच्या वाट्यांचा खच. साके, म्हणजे तांदळाची दारू, प्यायची आणि वाटी टाकून द्यायची, तसल्या. जळकी माती नाही, बाण नाहीत, काही नाही.

"किल्ला पडला नाही," सेन्सेई म्हणाले. "वरून हुकूम आला असणार, लढाया संपल्या, किल्ला मोडा. त्यांनी शेवटचं एकत्र बसून प्यायलं, आपल्या हातानं दरवाजा मोडला, विहीर बुजवली आणि निघून गेले. वेढा पडल्याचं काहीच चिन्ह नाही."

बायका माना डोलवत होत्या. किनुएनं शांतपणे विचारलं, "मग सेन्सेई, म्हातारीनं विकलं काय?"

सेन्सेई हसले. मग त्यांच्या लक्षात आलं कोण विचारतंय, आणि ते हसायचे थांबले. सेत्सुला अचानक आपली बादली रिकामी करायची आठवण झाली.

त्या संध्याकाळी किनुए डोंगर उतरली ती जवळजवळ धावत, सुजल्या गुडघ्यानं. दरवाज्यातूनच ओरडून तिनं सासूबाईंना सांगितलं. तोमेआजी आत शेगडी ठेवलेल्या उबदार टेबलाखाली पाय घालून संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "झरा गोड आहे का गं?"

"आई, मी काय सांगतेय!"

"ऐकलं ना. म्हणून विचारते. पाणी चाखलंस की नाही?"

दुसऱ्या दिवशी निशिगाकी खोदकामावर आले, वाळवलेल्या पर्सिमन फळांच्या माळा घेऊन. सगळ्यांना वाटल्या, किनुएला सगळ्यांत मोठी दिली. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. पण हाच माणूस तिच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर खड्ड्यातून ओढायला पावसात आला होता. सासरे गेले तेव्हा तीन रात्री घरचा म्हणून बसला होता. निशिगाकी सेन्सेईंना घेऊन विहिरीपाशी गेले आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. किनुए जवळच माती चाळत होती. चाळणीच्या आवाजातून तुकडे ऐकू येत होते. "सण तोंडावर." "पेपरवाले येणार." "डोंगर गावाच्या सामाईक मालकीचा, पुढच्या वर्षीच्या परवानगीवर सगळ्यांच्या सह्या लागतात." "उगाच कुणाचं मन दुखवायचं." आणि सेन्सेईंचा आवाज: "हो, हो. तसं ठामपणे काही म्हणता येत नाहीच."

निशिगाकी गेल्यावर तिनं चाळणी खाली ठेवली.

"काय ठामपणे म्हणता येत नाही, सेन्सेई?"

कुझे सेन्सेई चष्मा पुसत राहिले. "किनुएसान, माती स्वतः बोलत नाही. आपण बोलतो तिच्या वतीनं. जपून बोलावं लागतं."

"विहीर आटली नव्हती हे तुम्ही बोललात. पालथे पडून बोललात. अंगाचा चिखल अजून निघाला नसेल."

"रविवारी लोकांना मी सगळं दाखवणार आहे. फक्त त्याचा अर्थ... पुढच्या अभ्यासावर सोडू."

"पुढचा अभ्यास कधी?"

"परवानगी मिळाली की."

"आणि तोवर माझ्या पोरीनं बसायचं."

सेन्सेई पुन्हा चष्मा पुसायला लागले. चांगल्या माणसांचं असं गप्प बसणं किनुएला निशिगाकींच्या पर्सिमनपेक्षाही गोड आणि चिकट वाटलं. तिनं आपली माळ सेन्सेईंच्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा मातीकडे वळली. त्या दिवशी तिनं एवढ्या जोरात चाळलं की हानाए म्हणाली, "बाई गं, चाळणीनं काय केलंय तुझं?"

घरी जेवताना तिनं विषय काढला. नवरा, तेइजी, मिसो सूपच्या वाडग्यात तोंड घालून बसला होता. गेली पंचवीस वर्षं कुठलाही अवघड विषय निघाला की तो वाडग्यातच असायचा.

"अहो, तुम्ही काही म्हणणार आहात का?"

"म्हणून काय होणार?"

"पोरीवर पाणी उडवणार आहेत."

"आई," कोनात्सु म्हणाली, "खरंच मला काही वाटत नाही. कारखान्यातल्या सगळ्या येणार आहेत बघायला. रेनकोट आत घालीन. एवढं काय त्यात?"

"एवढं काय? तू एकदा मला भिजवलंस, आठवतं?"

कोनात्सुनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. आठवत होतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

"म्हणून तर बसते म्हटलं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "तू परत बसायला नको म्हणून."

किनुएचा राग क्षणभर कुठं जावं हे न कळून थांबला. मग तो पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत आला. म्हणजे हे असं चालतं तर. सासूनं सुनेसाठी सोसायचं, आईनं लेकीसाठी, लेकीनं आईसाठी. गावाला काही करावंच लागत नाही. घरातली माया परस्पर गावाचं काम करून टाकते.

"आई," ती सासूबाईंकडे वळली, "तुम्ही सांगा. तुम्हाला थंडी वाजायची ना?"

तोमेआजींनी लोणच्याचा मुळा चावून संपवला. "थंडीचं काही नव्हतं गं. अंग वाळतं. पण त्याच आठवड्यात कुणाच्या दारात मीठ मागायला जावं लागलं की पाय उचलत नसे." मग त्या तेइजीकडे बघत म्हणाल्या, "आणि उन्हाळ्यात पाटाकडे बघवत नसे."

तेइजीचा वाडगा टेबलावर जरा जोरात आपटला. तो उठून गोठ्यात गेला. त्यांच्याकडे गाय कधीच नव्हती, गोठ्यात नुसता ट्रॅक्टर होता, पण राग आला की तो तिथंच जायचा.

पाटाबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. गावातही नाही. डोंगरातून येणारा पाट पहिल्यांदा पाणीविक्यांच्या वरच्या शेताच्या बांधाला घासून जातो. पण त्या बांधावरचं पाणी अडवणारं फळकूट उचलायचं सगळ्यांत शेवटी. आधी पाणी खाली उतरतं, निशिगाकींच्या शेतात. मग देवळामागचे, गिरणी, सुतार, सगळं गाव. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की पाणीविके. पावसाचं साल असेल तर काही बिघडत नाही. कोरड्या सालात पाणी डोळ्यांदेखत, हाताच्या अंतरावरून, खळखळ वाहत जातं आणि बांधाच्या आतली भाताची रोपं पिवळी पडतात. किनुए नवी होती तेव्हा एकदा विचारून बसली होती, असं का? पाट आमच्याकडून जातो तर पाळी शेवटची का? सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "पद्धत आहे." त्या शब्दानंतर पुढे बोलायला काही उरतच नाही, इतका तो गुळगुळीत झालेला होता.

त्यामुळेच रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. कापराचा वास येणारा मुखवटा, आणि लांब दांड्याचं ओगराळं. कोनात्सुनं पिशवीकडे बघितलं. "आई, काय करणार आहेस?"

"अजून मला माहीत नाही. तू चल फक्त."

डोंगरावर गर्दी बरीच होती. शहरातून आलेले, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. एक टोपीवाले गृहस्थ धापा टाकत हानाएला विचारत होते, "किल्ला कुठे आहे हो?"

"तुम्ही त्याच्या अंगावर उभे आहात," हानाए म्हणाली. "जरा बाजूला व्हा, खंदक आहे."

कुझे सेन्सेईंच्या हातात कर्णा होता. दरवाज्यापाशी ते म्हणाले, "हे दगड या ठिकाणी आढळले." वाट्यांपाशी म्हणाले, "ही भांडी." विहिरीपाशी आल्यावर त्यांनी घसा साफ केला. "पाण्याची सोय होती असं दिसतं. तिचा आणि आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीचा संबंध काय, हे पुढील अभ्यासानंतर..."

निशिगाकी पहिल्या रांगेत मान डोलवत होते.

किनुएनं विहिरीभोवती लोकांना अडवायला बांधलेली दोरी उचलली आणि ती आत गेली. कुणाला वाटलं ती कामाचीच बाई आहे, काहीतरी करत असेल. ती विहिरीच्या काठाशी वाकली, गुडघ्यातून कळ आली, तिनं ओगराळं खाली सोडलं आणि भरून वर काढलं. मग ते सांडू न देता ती चालत निशिगाकींसमोर आली.

"प्या."

"हे काय आता?"

"पाणी. वरचं. विकत नाहीये, फुकट आहे."

गर्दीतून हशा उठला. निशिगाकीही हसले, पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "गंमत करतेय. आमच्या गावच्या बायका अशाच."

"गंमतच आहे," किनुए म्हणाली. "दरवर्षी तुम्ही करता, यंदा मी केली. प्या ना. मनावर घ्यायचं नाही."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी ओगराळं घेतलं, एक घोट प्यायले. थंडीनं दात कळवळले असावेत.

"गोड आहे?"

"आहे."

"सेन्सेई," तिनं मान न वळवता विचारलं, "हे पाणी कधी आटलं होतं का?"

कर्ण्यातून नुसती खरखर ऐकू आली. कुझे सेन्सेई पायाखालच्या मातीकडे बघत होते, त्या एकसारख्या, खंड नसलेल्या थरांकडे. मग ते कर्णा बाजूला करून पुटपुटले, "नाही."

"मागे ऐकू गेलं नाही," सेत्सु ओरडली. खरं तर ती पुढेच उभी होती.

सेन्सेईंनी कर्णा परत तोंडाला लावला. "नाही. ही विहीर कधीच आटली नव्हती. वेढ्याचं एकही चिन्ह आम्हाला मिळालेलं नाही. दरवाज्याचे दगड कोसळलेले नाहीत, काढून ठेवलेले आहेत. किल्ला त्यांनी आपल्या हातानं मोडला." आणि आता सुटलंच आहे तोंड, तर सगळंच, अशा चेहऱ्यानं, "विहिरीचा जुना पाट त्या समोरच्या वरच्या शेतावर उतरतो."

टोपीवाले गृहस्थ वहीत लिहून घेत होते.

"मग घोड्यावर तांदूळ कशाला ओतले?" हानाएनं विचारलं, अगदी मनापासून.

"आणि मग," कोनात्सु पुढे आली, "आमची आजी कशासाठी भिजत होती?"

निशिगाकींनी ओगराळं खाली ठेवलं. "पोरी, जुनी गोष्ट आहे. गोष्टीला कुणी जाब विचारतं का? सण आहे, चार माणसं एकत्र येतात, हसतात. तुझ्या आजीनं कधी तक्रार केली?"

"आजीला कुणी विचारलं?"

"निशिगाकीसान," किनुए म्हणाली, आणि पिशवीतून मुखवटा काढून तिनं त्यांच्या हातात दिला. तोंड वासलेली, लाकडी, पाण्यानं गालाचा रंग उडालेली म्हातारी. "गोष्टच आहे ना? मग यंदा तुमच्या घरच्या कुणाला बसवा. सूनबाई आहेत. तुम्ही स्वतः आहात. पहिलं ओगराळं मी टाकते. टॉवेलही देते नंतर."

"आमचं घर कशाला बसेल?"

"का नाही बसणार?"

"कारण आम्ही..." ते थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. "तुला कळत कसं नाही किनुए? चार पिढ्यांची पद्धत आहे, एक दगड काढला की सगळं येतं खाली. आज मुखवटा आणून देशील. उद्या म्हणशील नाव बदला. आणि परवा बांधावर जाऊन फळकूट उचलशील!"

सगळं गाव एकदम दुसरीकडे बघायला लागलं. देवळामागचे झाडांकडे, सुतार आपल्या बुटांकडे. तेवढ्यात किनुएला गर्दीच्या मागे तेइजी दिसला. कधी वर आला होता कुणास ठाऊक. तो कुठंच बघत नव्हता, सरळ निशिगाकींकडे बघत होता.

"फळकूट म्हणजे काय हो?" टोपीवाल्या गृहस्थांनी पेन्सिल सरसावून विचारलं. "कसलं फळकूट?"

सेत्सुनं तोंड उघडलं आणि मिटलं. निशिगाकी मुखवटा हातात धरून उभे होते. म्हातारीचं वासलेलं तोंड त्यांच्याकडेच होतं. त्यांनी तो उलटा केला, तर आतली बाजू समोर आली, इतक्या बायकांच्या श्वासानं काळी, चकचकीत झालेली. आणि ते ओरडले, एवढ्या मोठ्यानं की कर्ण्याची गरजच पडली नसती.

"पाटाचं! पाटाचं फळकूट! म्हातारीनं काही विकलंच नसेल, तर त्यांची पाळी शेवटची कशी लावली, हेच विचारायचंय ना सगळ्यांना? मग विचारा की! माझ्या बापानं त्याच्या बापाला विचारलं होतं. त्यानं तोंडात मारली होती त्याच्या." त्यांचा आवाज बसला. पुढचं ते पाहुण्यांना नाही, किनुएलाही नाही, मागे उभ्या असलेल्या तेइजीला म्हणाले. "गोष्ट आम्ही रचली. पाणी तुमचं होतं. आम्ही ते घेतलं."